काळ्या धाग्याची गाठ

नरसी नामदेव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंजली,
सप्रेम नमस्कार.

‘काम झालं की मी स्वतः आणून देईन, मावशी.’ अठरा वर्षांपूर्वी आमच्या मेंढवाड्यात उकिडवी बसून तू आईला हे म्हणाली होतीस. तुला आठवत नसेल.

आम्ही बरे आहोत. मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. बाबांनी मेंढ्या कमी केल्या, आता वीसच उरल्यात. आईचे गुडघे दुखतात. तू विभागप्रमुख झाल्याचं कळलं. आनंद झाला, असं लिहिणार होते.

मागच्या रविवारी दहावीतली वैष्णवी मोबाइल घेऊन घरी आली. “मॅडम, ह्या तुमच्या मैत्रीण ना?” तुझं व्याख्यान होतं. आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. तू अजूनही छान समजावतेस. मासा, कोंबडी, मेंढी, माणूस. सगळ्यांच्या गर्भात त्याच घराण्याची जनुकं, डोक्याकडून शेपटीकडे ओळीनं जागी होत जाणारी. फार जुन्या काळी एका ओळीच्या नकला होत होत चार ओळी झाल्या. कुणी जुनं काम धरून राहिलं, कुणी नवं उचललं. मग तू हसून म्हणालीस, “एक अडाणी बाई मला म्हणाली होती, म्हंजे ही भावकीच की!” सभागृह हसलं.

“मीच की ती,” आई म्हणाली. तिला उलट बरंच वाटलं असावं.

मग पडद्यावर बरणी आली. आत कोकरू. कपाळावर दोनाऐवजी चार शिंगांचे भोवरे, आणि मागच्या पायाला काळा धागा.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आमची गाभण काळी मेंढी ज्वारीचे कोवळे, विषारी फुटवे खाऊन मेली, त्या दिवशी तू इथंच होतीस. चार शिंगांचा वाण बघायला आलेली. लेकरू तरी हाती लागेल म्हणून आईनं पोट फाडलं. तेही गेलेलं. आमच्यात असं लेकरू मेंढीच्या कुशीलाच पुरतात. नाहीतर ती कळपाभोवती हाका मारत फिरते म्हणतात. तू ते अभ्यासासाठी मागितलंस, आई देईना. मीच गळ घातली, माझी मैत्रीण आहे म्हणाले. तेव्हा तिनं पायाला धागा बांधला, “वळख ऱ्हाऊ दे,” म्हणाली. माती लोटताना कुशीच्या बाजूला एक दगड ठेवला, तिथं पुन्हा उकरायचं म्हणून.

मग तू फोन उचलेनास. माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. आई रोज विचारायची, “आलं का गं लेकरू?”

टाळत होते ते आता लिहिते. त्या दिवाळीला मी तिच्या हाती एक गाठोडं दिलं. अंजलीनं पाठवलंय, औषधात ठेवलेलं आहे, उघडू नकोस, असं सांगितलं. आत घोंगडीचा तुकडा आणि ओली रेती होती. आईनं दगड बाजूला करून ते पुरलं, हळदकुंकू वाहिलं. दर दिवाळीला वाहत आली.

“मी काय पुरलं गं तवा?” तिनं रविवारी विचारलं. मी टरफलं गोळा करू लागले. “काहून बोलत न्हाईस? गाठ माझ्या हातची हाय ती.”

“जाऊ दे, जुनी गोष्ट हाय,” बाबा म्हणाले.

“तुमी गप ऱ्हावा. तुमाला कुनी रेती पुरायला लावली न्हाई.”

तेव्हापासून ती माझ्या हातचं खात नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी चुलीपुढं बसून आपली भाकर आपण थापते. मी शाळेतून येते तेव्हा तवा उतरलेला असतो.

अठरा वर्षं तुझ्यावर राग धरून मी निवांत होते. तू मला फसवलंस, अंजली. पण ती फसवणूक मी घरात आणली आणि आईला वाढली.

ते कोकरू परत दे. बरणीला आता क्रमांक असेल, नियम असतील, कुणाची परवानगी लागेल. तू नाहीच म्हणशील, हे लिहितानाही कळतंय. फार तर धागा कापून पाकिटातून पाठवशील, सोबत दोन गोड ओळी. तसं मात्र करू नकोस.

काल मी आईच्या देखत ते गाठोडं उकरून काढलं. तिनं कुशीची जागा हातानं साफ केली, आणि तिथंच बसून राहिली. खड्डा उघडा आहे. तू ये. घेऊन ये, स्वतः.

तुझीच म्हणवणारी,
मोहिनी