बोटाची हजेरी

१० फेब्रु., सोम.
लॅबमध्ये सहावा दिवस. ऑसिलोस्कोपला, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, आज पहिल्यांदा हात लावला. म्हणजे सावंत सरांनी लावायला लावला, ज्यांच्या जागी मी आलेय. डिप्लोमाला असताना चौघांत एक स्कोप असायचा. बटणं फिरवायचा मान मुलांचा, मी आपली रीडिंग लिहिणारी. तेरा वर्षांनी त्याच यंत्रासमोर लॅब असिस्टंट म्हणून उभी, तीही कंत्राटी. मी मुलांना शिकवणार की मुलं मला, देव जाणे.
सर म्हणाले, "प्रोबच्या टोकाला बोट लाव गो. चावत नाय." लावलं. पडद्यावरची सरळ रेघ उठली आणि तिच्या लाटा झाल्या. "ही तू. भिंतीतल्या वायरींची वीज तुझ्या अंगावर थोडी थोडी येते, ती दिसते. रोज आल्यावर पयली ही हजेरी लावायची. चाय मागाहून."
लाट तीन घरं उंच. पडद्यावर चौकटी असतात, ती घरं. बटण कुठे होतं तेही लिहून ठेव म्हणाले. पाच व्होल्टवर.

१२ फेब्रु.
ह. (हजेरी) तीन घरं.
ट्रिगर जमत नाही. लाट पडद्यावरून पळत राहते, ट्रिगरने तिला थांबवायचं. मी फिरवलं की जास्तच पळते. सर मागे उभे, गप्प. ओरडले असते तर बरं.
दुपारी मेन बोर्डावरचा ट्रिप स्विच पडला, बाराही स्कोप एकदम काळे. दिवसातून दोनदा तरी पडतोच. एचओडी मॅडम दारात: "सावंत, याचं काहीतरी करा हो. तपासणीची कमिटी आली आणि पडला तर?" सर म्हणाले, "पडतोय तो बरा मॅडम. वीज जमिनीत उतरतेय म्हणून पडतो." मॅडम गेल्यावर मला म्हणाले, "आणि हा मोठा ट्रिप आहे. खोली जळू नये म्हणून बसवलेला. माणूस वाचवणारा बारीक असतो, तो मागून मागून थकलो."

१७ फेब्रु., सोम.
ह. तीन.
सरांनी आज इमारतीच्या मागे नेलं, पार्किंगच्या भिंतीकडे. सिमेंटचं झाकण उचललं. खाली अर्थिंगचा खड्डा, यंत्रांच्या पत्र्यावर गळलेली वीज जमिनीत उतरवणारा. मीठ, कोळसा, आणि आतून वर येणाऱ्या तांब्याच्या दोन पट्ट्या. एक आमच्या लॅबची, एक शेजारच्या मशीन लॅबची. दर सोमवारी यात एक बादली पाणी, महिन्यातून मूठभर खडेमीठ. इतकी वर्षं हे एकटेच करतात, कॉलेजात कुणाला पत्ता नाही. तुळशीला घालावं तसं हळूहळू ओतत होते.
"माती सुकली की वीज खाली जायत नाय. मगे ती वरच बसून ऱ्हवता."
"बसून म्हणजे?"
"म्हणजे कोणाच्या तरी हाताची वाट बघता."
स्वतःच हसले. मला नाही आलं हसू.

२८ फेब्रु.
सरांचा निरोप. शाल, नारळ, मॅडमचं भाषण, वेफर्स. उद्या ते कायमचे कणकवलीकडे, गावी. लॅबची किल्ली आणि त्यांच्या अक्षरातली यादी माझ्या हातात. हजेरी, पाणी, चपला घालूनच लॅबमध्ये येणे, वगैरे.
निघण्याआधी म्हणाले, एकदा थांबवून दाखव. दाखवली. लाट जागच्या जागी थांबली. "आता जातंय मी," म्हणाले. रडले मी. इथे लपवून काय करू.

१० मार्च, सोम.
ह. साडेतीन. पाणी घातलं. शिपाई विचारतो, "मॅडम, काय पेरलंय?" म्हटलं, मीठ.

१७ मार्च, सोम.
होळीला जोडून कॉलेज चार दिवस बंद होतं. आज बादली घेऊन मागे गेले तर सगळीकडे पेव्हर ब्लॉक, लाल आणि राखाडी. कमिटीसाठी. दिसतंय झकास. पण झाकण कुठाय? ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सब लेवल कर दिया मॅडम. दो पट्टी बीच में आ रही थी, काट दी." बादली तिथल्या क्रोटनला घातली आणि परत आले. मॅडमना सांगायला हवं.
हजेरी चुकली. लाट पडद्यात मावेना, वरून खालून दोन्हीकडून बाहेर. बटण पाचवरच आहे. मी काहीतरी वाट लावलीय नक्की.

२० मार्च
रोज तेच. तीन वेगवेगळे स्कोप लावून पाहिले, तिन्हींवर तेच. म्हणजे चूक माझीच. सव्वा महिन्यात आलेलं सगळं विसरले? विचारू कुणाला, सेकंड इयरच्या पोरांना? शेवटी बटण मोठ्या व्होल्टवर नेलं, लाट आत बसवली आणि गप्प बसले.
खड्ड्याचं मॅडमना सांगितलं. "कमिटी जाऊ दे, मग बघू." त्या खुशीत आहेत, कारण ट्रिप आठवडाभर एकदाही पडला नाही. "बघा, सावंत गेले आणि ट्रिप शहाणा झाला." मीही हसले त्यांच्याबरोबर.

२ एप्रिल
कमिटी येऊन गेली. फरशीला पॉलिश, दाराबाहेर नवी पाटी: पादत्राणे बाहेर काढावीत. रजिस्टरमध्ये माझी सही. "सर्व उपकरणे सुस्थितीत."
शेवटच्या तासाला श्रुती नावाची मुलगी आली. "मॅडम, टेबलाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात." तिचे पाय अनवाणी. म्हटलं, थंड पत्रा आहे, वाटतं तसं. ती गेल्यावर उलटा हात लावून पाहिला.
येतात.

९ एप्रिल
डबा खाताना या वहीची मागची पानं चाळली. तीन, तीन, तीन, साडेतीन. आणि १७ मार्चपासून बाहेर. ब्लॉक बसले तोच आठवडा. ट्रिप पडायचा थांबला तोही. डबा बंद केला.
सरांना फोन. तिसऱ्यांदा उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळ्यांका भायर काढ. बाराही स्कोप प्लगातून काढ. चपला घाल. डावा हात पाठीमागे." बल्बला दोन वायरी जोडल्या, एक फेजला, दुसरी अर्थला. अर्थ नीट असता तर बल्ब लागला असता, नाहीतर निदान ट्रिप पडला असता.
दोन्ही नाही. बल्ब काळाच.
"सगळ्या स्कोपांच्या पेट्या आता एका तारेत बांधलेल्या, आणि ती तार खंयच जायत नाय," सर म्हणाले. "एकीत बिघाड झालो की बाराही पेट्यांवर पुरी वीज येतली."
म्हटलं, मला वाटलं मीच चुकतेय सर.
"रोज लिवलंस मा? मगे वाचूक काय झाला?"
ओरडले. शेवटी एकदाचे ओरडले. बरं नाही वाटलं.

१० एप्रिल
मॅडमसमोर वही उघडून ठेवली. त्यांनी कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने प्रत्येक सॉकेटमध्ये बल्ब लावून पाहिला, सगळीकडे लागला. "करंट बरोबर है मॅडम." अरे, फेज आणि न्यूट्रलमध्ये लागणारच! अर्थला लावून बघ म्हटलं, तर माझ्याकडे न बघता पिशवी भरायला लागला.
मॅडम म्हणाल्या, "अहो सुजाता, दोन तारखेला सही तुमचीच आहे ना?"
हो.
"मग? मंगळवारी प्रॅक्टिकल परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक ठरलेत. नवे ब्लॉक उखडायचे आता? परीक्षा होऊ दे, मग बघू." उठता उठता म्हणाल्या, "तुमचं कंत्राट मेमध्ये संपतंय ना?" सहज विचारल्यासारखं.

१३ एप्रिल, रवि.
उद्या चौदा. वस्तीत मंडप, निळे झेंडे, स्पीकरची टेस्टिंग सकाळपासून चालू. लेकीचा पांढरा ड्रेस इस्त्री करताना हात थांबला. इस्त्रीची वायर बघत बसले होते.
नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "तू लेखी दे आणि मोकळी हो. कशाला नोकरी घालवतेस?" थोड्या वेळाने परत आला. "एका वेळी किती मुलं असतात?"
चोवीस.
मग खुर्च्या लावायला मंडपात गेला.

१५ एप्रिल, मंगळ. सकाळी ८.४०
लॅबमध्येच लिहितेय. साडेसातला आले. मेन बोर्डाचे तिन्ही फ्यूज काढले, ते माझ्या डब्याच्या पिशवीत आहेत. हजेरी लावली नाही.
मॅडम येऊन गेल्या. परीक्षक ऑफिसात चहा घेतायत.
"फ्यूज द्या."
"खड्डा उघडा, देते."
"मुलांचं वर्ष जाईल, कळतंय का तुम्हाला?"
"मुलं जातील मॅडम."
असं मी आजवर कुणाशी बोलले नाही.  त्या वळून निघून गेल्या. परीक्षा पुढे ढकलतील. ढकलावीच लागेल. नोकरी गेली बहुतेक. जाऊ दे. महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास आलाय.
पॅसेजमध्ये पोरं जमलीत. दाराशी चपलांची रांग.

८.५५
पॅसेजमधून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज. वायरचं भेंडोळं. शिपाई आणि इलेक्ट्रिशियन. मॅडमचा आवाज: "मशीन लॅबमधून लाइन घ्या. बारा टेबलं, बारा एक्स्टेन्शन बोर्ड. चला, वेळ नाही."
मशीन लॅब. दुसरी पट्टी, तीही कापलेली. तिचाही अर्थ त्याच खड्ड्यात जायचा. हे मी मॅडमना सांगितलंच नव्हतं. फ्यूज पिशवीत आहेत म्हणून निवांत लिहीत बसले.
पहिल्या टेबलावरच्या स्कोपचा दिवा लागला. हिरवा.
श्रुती दाराशी वाकून चपला काढतेय.
उठते.