कोशाचा चटका

मंगळवार, संध्याकाळ

सासूबाई उकळत्या पाण्यातून रेशमाचे कोसे नुसत्या हातानं काढतात. वर तोऱ्यात सांगतात, "आमच्या घरच्या बोटांले चटका लागत नाही." मीही ही सवयच समजत होते. पण काल माझ्या मुलीनं गरम तवा धरला. बोटाला फोड आलेला मीच पाहिला, तिला पत्ताच नाही. तिनं तर कधी कोसा उकळला नाही. मग सवय कुठली?

शाळेत मीच शिकवते, कातडीतल्या स्पर्शाच्या, चटक्याच्या नसा आईच्या पोटातच घडतात आणि त्या कशा वाढतील हे जनुकं ठरवतात. मुलीला ती जनुकं तिच्या आजीकडूनच आली असतील तर?

हे म्हणाले, "तू कायले शंका घेऊन राहिली? आमच्या घरी सगळ्यांचंच असं आहे."

सगळ्यांचंच! तेच तर.

आज लाईट गेली, तेव्हा मुद्दाम सासूबाईंच्या हातात दोन कापडं दिली. एक कोशाच्या रेशमाचं, एक सुती. म्हटलं, कोशाचं कोणतं ते सांगा. जन्म मागावर गेलेली बाई. बराच वेळ चाचपत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लाईट येऊ दे, मग सांगतो."