डाव्या खांद्यातला कापूस

बेसा, नागपूर
५ जानेवारी २०२५

ती. यमुमावशीस,
मोनालीचा सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. एक्स-रे आला. माझा कणा अठ्ठावन्न अंशांनी वाकलाय, आणि नुसता वाकला नाही, पिळलाय. त्याच्यासोबत फासळ्याही फिरल्या, म्हणून उजवी पाठ अशी उचललेली. जिना चढताना दम लागतो तो आळस नाही गं, फुप्फुसाला जागाच कमी पडते. आणि आईने सात वर्षं पाठीत धपाटे घातले, नीट बस म्हणून! डॉक्टर म्हणाले, बसण्याने हे होतच नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी, अंग वाढत असताना पट्टा लावला असता तर बहुतेक इथवर आलं नसतं. आता ऑपरेशन.

काल तू शिवलेला माझा सातवीचा युनिफॉर्म उसवला. डाव्या खांद्यात कापूस निघाला. म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं!

हे घराण्यात चालू शकतं म्हणे, धाकट्या बहिणीलाही दाखवा म्हणाले. आई म्हणते, नूपुरला काय धाड भरलीय? तिचं माप तूच घेतेस, खरं सांग.

तुझी
मोनाली

कोराडी कॉलनी
१४ जानेवारी

चि. मोनालीले यमुमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र वाचून दोन दिवस मशीनवर बसली नाही. हो, मले माहीत होतं. फ्रॉकची किनार एका बाजूनं वर जाये. तुह्या आईले सांगतलं, त तिनं शपथ घातली. पोरीची जात हाय, बोभाटा झाला त लग्न कोण करंन? मंग मी कापूस भरला. तुले कोणी हासू नये, एवढंच मनात होतं वं.

नूपुरची काळजी काहून करतं? दिवाळीतच माप घेतलं, पोरगी सुतासारखी सरळ हाय. तिचा नवा युनिफॉर्म तिळगुळासंगं धाडून राहिली. मावशीवर राग धरू नको, माया पातळ होऊ देऊ नको.

तुही
मावशी

बेसा
१७ जानेवारी

यमुमावशी,

या वेळी नमस्कार नाही. युनिफॉर्म नूपुरने लगेच घातला. दोन्ही खांदे इतके सारखे दिसले की मलाच शंका आली. ब्लेडने शिवण उसवली. तोच कापूस, तीच डावी बाजू.

नवा ड्रेस फाडला म्हणून ती रडली. दोन्ही पोरींचं वाटोळं करायला निघालीस, म्हणून आई माझ्यावरच ओरडली. ओरडू दे. उद्या तिला न विचारता नूपुरला डॉक्टरांकडे नेते. माझं व्हायचं ते झालं, नूपुरचं अंग अजून वाढतंय.

तुझ्या वहीत तिचं दिवाळीचं माप असेल, त्याआधीचंही असेल. दोन खांद्यांतला फरक किती महिन्यांत किती वाढला, हे डॉक्टर विचारतील. खोटं फार सुबक शिवलंस, मावशी. एकदा खरं माप पाठव. लोभाचं त्यानंतर बघू.

मोनाली