आजाऱ्याची विचारपूस

अप्पा, परवा एका लग्नात तुमच्या कारखान्यातले एक निवृत्त गृहस्थ भेटले. माझा हात धरून म्हणाले, "तुमचे वडील म्हणजे देवमाणूस. कामगार आजारी पडला की स्वतः फळं घेऊन घरी जायचे." मी हसले. मांडवात दुसरं काय करणार? पण तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यामुळे पत्ता काय घालायचा हा प्रश्नच नाही.

देवमाणूस म्हणे! कारखान्याच्या टाइम ऑफिसात तुमच्याकडे हजेरीचं काम. रविवारी सकाळी मंडईत घासाघीस करून तुम्ही मोसंबी घ्यायचात, ती काही कुणाच्या प्रकृतीसाठी नव्हे. रजेवरचा माणूस खरंच आजारी आहे की नाही, हे बघायला जायचं असायचं. स्कूटरवर पुढे मला उभी करायचात. "पोरगी बरोबर असली की लोक घरात घेतात," असं आईला सांगताना मी स्वतः ऐकलंय. शाब्बास! म्हणजे एक पिशवी मोसंब्यांची आणि दुसरी मी.

कात्रजचा तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा ते गावच होतं. तुम्ही अंगणात उभे राहून हाक मारता आणि तो कामगार गोठ्यातून बाहेर येतो, कोपरापर्यंत शेण. तुम्हाला बघून हात धुवायला पळतो. त्याची बायको मला पेलाभर दूध देते. "सायेब, तुमी कशाला तरास घेतला? ताप हाय अजून, पर जनावरांचं कोण बघनार?" तुम्ही त्याच्या कपाळाला हात लावता, "कणकण आहे हो अजून, जपा," म्हणता. ती बाई तुमच्या पाया पडते, आणि तुम्ही चक्क आशीर्वाद देता. सोमवारी त्याला पत्र गेलं. आजारपणाची रजा घेऊन घरची कामं करताना आढळला. बघितलं कुणी? तुम्हीच. चौकशी नाही, त्याचं म्हणणं ऐकणं नाही, हजेरीपटावरून नाव उडालं. रात्री जेवताना मी विचारलं, "पण त्याला ताप होता ना?" तुम्ही म्हणालात, "ताप होता. पण उभा होता." आणि वरण मागितलंत.

पुढे कोर्टं सांगायला लागली की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला असं काढता येत नाही, तेव्हा तुम्ही पेपर आपटलात. "चालवा म्हणावं कारखाने कोर्टातच!" कायदा बदलला की तुम्हाला तो घरात कुणी उलट उत्तर दिल्यासारखा लागायचा. नवा नियम आला की तो वाचायच्या आधी त्यातून सुटायचं कसं हे शोधायचात. आणि मी कामगार कायदा शिकायला लागले तर चारचौघांत सांगत सुटलात, माझ्यावर गेलीय म्हणून. तुमच्यावर? अहो, तुमच्यासारख्यांच्या आडवं यायला शिकले मी.

आता मी बिबवेवाडीतल्या लहान लहान कारखान्यांना सल्ला देते. तुमच्यासारखे काही संपलेले नाहीत, फक्त स्कूटरवरून मोबाइलवर आलेत. गेल्या पावसाळ्यात मसाल्यांच्या एका कारखान्याच्या तरुण मालकाने पॅकिंगमधल्या बाईला व्हॉट्सॲप केलं, उद्यापासून येऊ नका. ती न कळवता घरी राहिली होती, एवढंच. मला म्हणतो, "मॅडम, कामगारांचे नवीन कोड आलेत ना? आता डायरेक्ट काढता येतं." मी विचारलं, "आपण वाचलेत?" तर म्हणे, "रील बघितलं." धन्य! मी म्हटलं, "बघून झालं असेल तर आता वाचा. आणि तोवर तिला बोलावून तिचं म्हणणं ऐका." फुगून बसला. इकडे बाई फोन उचलेना. आणखी चार दिवस अशी न कळवता राहिली असती तर तिला काढायला त्याला आयतंच निमित्त मिळालं असतं, आणि त्या घरात पगार तिचा एकटीचा. शेवटी मीच गेले, टेकडीकडच्या वस्तीत.

अर्धांगाच्या झटक्याने नवऱ्याची एक बाजू गेली होती. सासू रडत होती. फोनचं भान कुणाला असणार? मी तिथेच जमिनीवर बसून तिच्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतला आणि मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिच्या बाजूने तासभर भांडले. बाई कामावर आहे, अप्पा. तिची नोकरी गेली नाही. तुम्ही असतात तर घालवली असतीत.

हे तुम्हाला ऐकवायचं आणि कागद फाडून टाकायचा, असं ठरवून बसले होते. फाडणार आहेच. म्हणून आणखी एक सांगते, जे त्या बाईलाही ठाऊक नाही. तिने दार उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा तिच्या चपला दिसल्या. दारातच होत्या, ओल्या, चिखल अगदी ताजा. माझ्या मनात आलं, फोन उचलायला जमत नाही, हिंडायला बरं जमतं. औषधं आणायला गेली होती ती. खाट माझ्या हाताच्या अंतरावर होती. खाटेवरचा माणूस मला नंतर दिसला.