आईनं घरी आणलेलं मत

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण पहिल्या निवडणुकीची ती दुपार माझ्या मानगुटीवरून काही उतरत नाही. आपल्याकडची नबाबी संपून तीन-चार वर्षं झालेली. आगरदांड्याच्या शाळेत मी नवा मास्तर, अजून कायम न झालेला, आणि मतदाराच्या बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे आलेलं. आदल्या आठवड्यात मी तुला ऐटीत सांगत होतो, "डेन्मार्क म्हणून देश आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या लोणी काढणाऱ्या बायकासुद्धा मतं देत होत्या." भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "मंग आमी काय ताक घुसळत न्हाय?"

मतदानाच्या दिवशी सकाळी तू लग्नाला निघाल्यासारखी नवं लुगडं नेसून आलीस. मी शाई लावली, मतदान केंद्राच्या साहेबांनी मतपत्रिकेचा कागद दिला, तू पडद्याआड गेलीस. तिथं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याच्या निशाणीचं चित्र. हसत बाहेर आलीस. दुपारी दोनला मी जेवायला खाली बंदराकडे आपल्या घरी येतो तर काय, तो गुलाबी कागद देवाजवळ, वर जास्वंदीचं फूल!

"आये, हे काय केलंस?"

"सरकारानं माज्या हातात दिलेला पयला कागद हाय तो. परक्याच्या पेटीत कशापायी टाकू?"

 मतपत्रिका बाहेर नेणं गुन्हा, आणि ती शाई लावणाऱ्याच्याच घरात सापडली तर नोकरी गेलीच म्हणून समज. मी तुला नको नको ते बोललो. अडाणी म्हणालो. तू घाबरून कागद उचललास. "वरडू नको रं. आत्ता जाऊन टाकून येते. साहेबाच्या पाया पडते." मी दार अडवून उभा. साहेब भला माणूस होता, चार शब्द सुनावून त्यानं तुला पेटीपर्यंत जाऊही दिलं असतं. पण ते चार शब्द मला ऐकायचे नव्हते. म्हणालो, "मतदान संपलं. आता पुढच्या वेळी." कागद तुझ्या हातातून ओढून चुलीत घातला आणि न जेवताच शाळेत परतलो, उरलेल्या रांगेला शाई लावायला.

पुढची निवडणूक यायच्या आधीच तू गेलीस. मी कायम झालो, तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, मताचा हक्क फळ्यावर लिहिताना हात जरासुद्धा कापला नाही. थू माझ्यावर!

तुझ्या बाराव्याला थोरली काकी सहज बोलून गेली. मतदानाच्या दिवशी चार वाजता ती मत टाकून तशीच तुझ्याकडे आली होती, बोटाची ओली शाई दाखवायला. म्हणजे माझं खोटं तुला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी घरी आल्यावर तू पान वाढलंस, "दमलास रं," म्हणालीस.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. पण आये, काकीचं ऐकून मला आधी लाज नाही वाटली. तू कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून हायसं वाटलं.