उजव्या कानाचे निरोगी उंदीर

४ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. (पुढेमागे कुणी छापलंच तर हरकत नाही. अक्षर सुधारणे.)
उंदीर मोठे झाले. डाव्या कानाला भोक म्हणजे नॉकआउट. एक जनुक काढून टाकलेलं, त्यामुळे मेंदूत एक एन्झाइम बनतच नाही. उजव्या कानाला भोक म्हणजे त्यांचीच सख्खी भावंडं, जनुक शाबूत. माझा सिद्धांत: एन्झाइम नाही, की मेंदूच्या पेशी हळूहळू मरणार आणि चाल बिघडणार. भोकं मी स्वतःच्या हाताने पाडली. अशी कामं दुसऱ्यावर सोपवत नसतात.
संकल्प: रोज सकाळी फिरायला जाणे. बाबांनाही नेणे.

९ जानेवारी
फिरणं उद्यापासून. थंडी आहे.
मागच्या पायांना शाई लावून उंदरांना कागदी पट्टीवर चालवलं. डाव्या कानवाले सुसाट. लांब लांब ढांगा. दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. मला बेचैनी दिसली. रोगाची सुरुवात! उजव्या कानवाले सावकाश, छोटी छोटी पावलं, वळणावर जरा थांबून. काय ते समजूतदार उंदीर. थेट आमचे बाबा. त्यांच्या प्रत्येक पट्टीवर ‘निरोगी’ असं लिहिलं.

२१ जानेवारी
मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, म्हणाल्या, कुठला उंदीर कुठला हे ज्याला माहीत नाही अशा माणसाकडून पट्ट्यांवरची पावलं मोजून घ्या. म्हटलं, कशाला, माझी नजर तयार आहे. त्या म्हणाल्या, भीती तीच आहे.
कौतुकच असावं.

३० जानेवारी
ही म्हणते, बाबांची चाल बदललीय. दाराशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात म्हणे. मेंदूच्या डॉक्टरांची तारीखसुद्धा घेऊन ठेवलीय. मला न विचारता! घरात मेंदूचा माणूस बसलेला असताना! काखेत कळसा आणि गावाला वळसा.
तरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, जन्मभर टपाल वाटलं, आता घाई कुणाची? पोस्टमनला शोभेल असं उत्तर. तारीख रद्द केली.

१६ फेब्रुवारी
बाबा बेडरूमच्या दारात पडले. दोष पायपुसण्याचा. लगेच नवीन आणलं. गुडघा सोललाय, बाकी ठीक. ही नुसती औषध लावत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.
तिने दुसरी तारीख घेतली. उंदरांवरचा पेपर पाठवून झाला की जाऊ म्हटलं आणि तीही रद्द केली. पेपर शेवटी बाबांसारख्या म्हाताऱ्यांच्याच भल्याचा आहे ना!

२ मार्च
फिरणं: अद्याप नाही. गुडघा. (बाबांचा.)
पेपर तयार. डाव्या कानवाले अजून धडधाकट दिसतात, पण हा रोगच कावेबाज. उजव्या कानवाल्यांपैकी दोन मेले. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पिंजरे सांभाळणाऱ्या काकांनी विचारलं, साहेब, निरोगी उंदीर का मरतायत? म्हटलं, निरोगी माणसंही मरतातच की.
पाठवण्याआधी कुणात जनुक आहे, कुणात नाही हे बघायला शेपटीच्या टोकाची डीएनए चाचणी पुन्हा करा, असा मॅडमचा हट्ट. हातच्या कांकणाला आरसा! बरं, करू.

९ मार्च
चाचणी बिघडली. सगळं उलटं आलं. रसायनं जुनी असणार.

१० मार्च
नवी रसायनं. तेच. म्हणजे काकांनी पिंजऱ्यांत गोंधळ घातला असणार. तसं त्यांना बोललो. ते जाम रागावले.

११ मार्च, दुपार
एक उंदीर मानेच्या कातडीला धरून उचलला. भोक पाडताना धरतो तसा, पाठ माझ्याकडे. भोक डावीकडे. पिंजऱ्यात सोडला. तो वळला आणि माझ्याकडे तोंड करून बसला. भोक उजवीकडे.
पाडली पाठमोरी, वाचली समोरून. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.
काकांची माफी मागितली. मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत. पट्ट्या पाहून म्हणाल्या, अहो, सिद्धांत बरोबर निघाला की तुमचा! तुम्ही उजव्या कानवाले म्हणता तेच नॉकआउट. चाल बघा किती बिघडलीय त्यांची. अभिनंदन.
तसा मी होतोच बरोबर. फक्त बाजू चुकली. शिट्टी वाजवत घरी आलो.

१२ मार्च, सकाळ
पेपरला नवं शीर्षक शोधत चहा घेत होतो. बाबा अंघोळ करून आले आणि खुर्चीत बसले. मागे फरशीवर त्यांची ओली पावलं. छोटी, एकमेकांना चिकटलेली, पुढे फरफटलेली. दाराशी तर नुसता चिखल तुडवल्यासारखी, जागच्या जागी.
अशा पट्ट्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात ‘निरोगी’.
लहानपणी या माणसाबरोबर चालताना मला पळावं लागायचं. भीती वाटली, अजून वाटतेय.
बाबांनी विचारलं, खाली काय बघतोस रे? काही नाही म्हटलं. ही फडकं घेऊन आली, घसरेल कुणीतरी म्हणाली. तिला म्हटलं, थांब जरा. तिने पावलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फडकं बाजूला ठेवलं.
डॉक्टरांकडे फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, आता एकदम मे महिन्यात मिळेल. लवकरची एखादी नाही का, असं विचारलं. ती म्हणाली, होत्या की दोन. तुम्हीच रद्द केल्यात ना?
हो म्हटलं. मे महिन्यातली घेतली.