भिंतीवरची बुरशी

प्रिय घुम्या,

तुझं घर सोडून सात महिने झाले. नाक आता मोकळं आहे. सकाळच्या वीस-वीस शिंका थांबल्या, कपाळही ठणकत नाही. तरी या कोरड्या, उजेडाच्या खोलीत तुझ्यावाचून करमत नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले होते. नाकाच्या डॉक्टरांनी घर सोडायला सांगितलंच नव्हतं. "गळका पाइप बदला, भिंतीवरची बुरशी खरवडून काढा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मला वाटलं, घर सोडायचं म्हटल्यावर तू म्हणशील, "चल, मीही येतो." तू नुसतं "जा, बरी हो" म्हणालास आणि वाफ घ्यायचं मशीन माझ्या पिशवीत भरून दिलंस. नवऱ्याला आपण नकोसे झालो, असं समजून मी तडक निघाले.

काल तुझ्या गल्लीतला प्लंबर आमच्या ऑफिसात आला होता. तू पाइप बदलून घेतलास, भिंत स्वतः खरवडलीस, हे त्याच्याकडून कळलं. "बायकोला रंगाचा वास सोसेल ना, असं तीनदा विचारलं त्यांनी," तो म्हणाला.

हे पत्र टाकणार नाही. असली कबुली तोंडानंच द्यायला हवी. रविवारी येते.

तुझीच,
शिंकाबाई